माहिती चौकट : उल्हासकाठचं कल्याण बंदर

● ठिकाण : समुद्रापासून बरंच आत, उल्हास नदी खाडीला मिळते त्या टापूत. भरतीच्या पाण्यावर गलबतं इथवर येत. पुढे माल नाणेघाट चढून जुन्नर, पैठणकडे जाई.

● जुना उल्लेख : पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात हे ‘कल्लिएना’. सातवाहन-क्षत्रप झगड्याच्या त्या काळात इथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात.

● बोरिवलीशी नातं : बोरिवलीजवळच्या डोंगरातल्या कान्हेरी लेण्यांच्या ब्राह्मी लेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. कल्याणच्याच एका सोनाराने लेण्यांत पाण्याचं टाकं खोदून दिलं. बंदराचा पैसा डोंगरात मुरला तो असा.

● मराठा आरमार : 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. दुर्गाडी किल्ला आणि आरमाराची पायाभरणी इथलीच.

● उतरती कळा : 1 मे 1854 रोजी ठाण्याहून कल्याणपर्यंत आगगाडी आली. मालाने रूळ धरले आणि बंदर मागे पडलं.

● आज : वसई खाडी-उल्हास नदीचा कल्याण-ठाणे-मुंबई मार्ग 2016 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 आहे.