विकणारा शब्दाला फिरला, तर?

आता रीसेलच्या फ्लॅटकडे वळू. इसार दिला, साठेखत नोंदवलं, कर्ज मंजूर झालं, आणि भाव वाढल्यावर विकणारा म्हणतो, "तुमचे पैसे परत घ्या." आपल्याला वाटतं, विषय संपला. तसं नाही. साठेखताने घर आपल्या मालकीचं होत नाही हे खरं. पण खरेदीखत करून द्यावं, असा दावा दिवाणी कोर्टात लावता येतो. कायद्यात 2018 ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून असा आदेश देणं निव्वळ कोर्टाच्या मर्जीवर राहिलेलं नाही.

मात्र उरलेली रक्कम द्यायला आपण पहिल्यापासून तयार होतो, हे सिद्ध करावं लागतं. म्हणून कर्जमंजुरीचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट जपायचं. वकिलामार्फत नोटीस पाठवायची. करारात तारीख ठरलेली असेल तर तिच्यापासून, नसेल तर नकार कळल्यापासून, 3 वर्षांत दावा लावायचा. पर्याय म्हणून इसाराची परतफेड आणि नुकसानभरपाईही त्याच दाव्यात मागायची. आणि महाराष्ट्रात आणखी एक काम: दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची. ती राहिली आणि मधल्या काळात घर तिसऱ्यालाच विकलं गेलं, तर जिंकूनही ताबा मिळवणं अवघड होतं.