रीबूटनंतर काय उरतं?

दोन प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायचं असेल तर युनिक्स आणि लिनक्समध्ये साधनांची कमतरता नाही: शेअर्ड मेमरी, सेमाफोर, मेसेज क्यू, पाइप, सॉकेट. मशीन रीबूट झाल्यावर यांचं काय होतं, या प्रश्नावर मात्र अनुभवी मंडळीही अडखळतात. प्रोसेस मरणं आणि मशीन रीबूट होणं, या दोन घटनांची डोक्यात सरमिसळ झालेली असते.

गैरसमज : प्रोग्रॅम संपला की त्याची शेअर्ड मेमरीही जाते.

जात नाही. सिस्टिम फाइव्ह पद्धतीची शेअर्ड मेमरी, सेमाफोर आणि मेसेज क्यू कर्नलच्या ताब्यात असतात. प्रोग्रॅम नीट संपो की क्रॅश होवो, कोणी काढून टाकेपर्यंत त्या जागच्या जागी राहतात. ‘आयपीसीएस’ ही कमांड चालवली की त्यांची यादी दिसते. शेअर्ड मेमरीच्या यादीतल्या ‘एनअटॅच’ रकान्यात त्या तुकड्याला सध्या किती प्रोसेस जोडलेल्या आहेत, तो आकडा असतो. तिथे शून्य असेल तर तो तुकडा बहुधा बेवारस आहे.

याचा मनस्ताप खरा असतो. अपाची वेब सर्व्हर वारंवार क्रॅश झाला की त्याचे सेमाफोर मागे साचत जायचे. मग एके दिवशी सर्व्हर सुरूच होईना आणि लॉगमध्ये संदेश यायचा, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डिस्कवर तर भरपूर जागा! संपलेली असायची सेमाफोरच्या संख्येची मर्यादा. ‘आयपीसीआरएम’ने जुने सेमाफोर काढले की काम व्हायचं. हे माहीत नसलेले लोक मशीन रीबूट करायचे, आणि त्यानेही काम व्हायचं.

गैरसमज : कर्नल सांभाळतो, म्हणजे रीबूटनंतरही टिकणारच.

रीबूटने काम व्हायचं, त्यातच याचं उत्तर आहे. कर्नलची ही सगळी नोंद रॅममध्ये असते. नवा कर्नल उभा राहतो तेव्हा त्याच्या याद्या कोऱ्या असतात. शेअर्ड मेमरीचा काही भाग स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर गेला होता म्हणून तो वाचला, असंही होत नाही. तो कुणाचा होता हे सांगणारी नोंदच उरलेली नसते. हायबरनेशनची गोष्ट वेगळी. तिथे मेमरीचं चित्र डिस्कवर उतरवून तेच परत आणलं जातं, त्यामुळे सगळं जसंच्या तसं मिळतं.

डिस्कवरचं टिकतं, रॅममधलं जातं, हा फरक पोस्टग्रेस या डेटाबेसने फार सुंदर वापरला आहे. त्याच्या डेटा डिरेक्टरीत ‘पोस्टमास्टर डॉट पीआयडी’ नावाची फाइल असते आणि तिच्यात शेअर्ड मेमरीच्या तुकड्याची ओळखही लिहिलेली असते. वीज गेली तर फाइल डिस्कवर राहते, तुकडा जातो. पुन्हा सुरू होताना पोस्टग्रेस इतर तपासण्यांबरोबर हेही बघतो, की तो तुकडा अजून आहे का आणि त्याला कुणी जोडलेलं आहे का. नसेल तर फाइल जुनी ठरते. 2013 मध्ये आलेल्या 9.3 आवृत्तीत त्याने बहुतेक शेअर्ड मेमरी दुसऱ्या पद्धतीने घ्यायला सुरुवात केली, पण या एका तपासणीसाठी सिस्टिम फाइव्हचा छोटा तुकडा मुद्दाम ठेवला.

गैरसमज : फाइल दिसतेय, म्हणजे आतलं सगळं शाबूत आहे.

पाइप आणि सॉकेटच्या फाइलचं नाव टिकतं, मजकूर नाही. डिस्कवर तयार केलेला नेम्ड पाइप रीबूटनंतरही डिरेक्टरीत दिसतो, पण त्यातून जाणारी माहिती कर्नलच्या बफरमध्ये होती (लिनक्सवर साधारणपणे 64 केबीपर्यंत) आणि ती गेली. युनिक्स सॉकेटचं आणखी त्रासदायक: फाइल मागे राहिली तर पलीकडे कुणीही नसताना नव्या प्रोग्रॅमला ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ असं उत्तर मिळतं. म्हणून बरेच प्रोग्रॅम सुरुवातीलाच जुनी सॉकेट फाइल काढून टाकतात.

पॉझिक्स पद्धतीच्या शेअर्ड मेमरीबद्दल तर प्रमाणग्रंथानेच रीबूटनंतरची अवस्था अनिश्चित ठेवली आहे. लिनक्सवर ती टीएमपीएफएस या रॅममधल्या फाइल सिस्टिमवर असते, म्हणून जाते. दुसऱ्या सिस्टिमवर तसंच होईल असं धरून प्रोग्रॅम लिहू नये.

गैरसमज : रीबूट केलं नाही, तर काही जाणार नाही.

सिस्टिमडी वापरणाऱ्या मशीनवर ‘रिमूव्ह-आयपीसी’ सेटिंग चालू असेल तर साध्या युजरचं शेवटचं सेशन संपताच त्याची शेअर्ड मेमरी, सेमाफोर आणि मेसेज क्यू पुसले जातात. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात याबद्दल स्पष्ट इशारा आहे.

जे पुन्हा लागणार आहे ते फाइलमध्ये लिहा आणि ‘एफसिंक’ करा. साचलेल्या वस्तू काढायच्या असतील तर आधी एनअटॅच बघा. सेमाफोरच्या यादीत तो रकाना नसतो, तेव्हा तिथे मालक कोण याची खात्री करून घ्या; चालू प्रोग्रॅमचा सेमाफोर काढला तर तो त्याच क्षणी जातो.