घासकागदाची पारख

जुने मेज किंवा खाट घरीच घासून नव्याने रंगविण्याची हौस अनेकांस असते. काम बिघडते ते बहुधा रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच, घासताना. सुतार ज्यास पॉलिश पेपर म्हणतात, त्या घासकागदाच्या पाठीवर एक आकडा छापलेला असतो. आकडा जितका मोठा, तितके कण बारीक.

घासल्याने लाकूड गुळगुळीत होते, असे आपण म्हणतो. वस्तुतः प्रत्येक कागद लाकडावर ओरखडेच पाडीत असतो. ८० क्रमांकाचे ओरखडे १२० ने, त्याचे १८० ने पुसावयाचे. २२० चे ओरखडे इतके सूक्ष्म असतात की ते नजरेस येत नाहीत. ८० वरून थेट २२० वर उडी घेतल्यास हात दुखेपर्यंत घासूनही खोल रेघा उरतात आणि पॉलिश चढल्यावर गडद होऊन उघड्या पडतात. दुकानदार एकच कागद पुढे करून ‘चालेल’ म्हणतो, चालत नाही. क्रमांक बदलण्यापूर्वी पृष्ठभागावर पेन्सिलीने फिकट रेघा ओढाव्यात व त्या सर्वत्र पुसल्या जाईपर्यंत घासावे. कागद लाकडी ठोकळ्यास गुंडाळून लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच हात चालवावा. नुसत्या बोटांनी घासल्यास खळगे पडतात.

प्लायवुडवरील सागाचा पापुद्रा बहुधा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेथे ८० चा कागद लावणे म्हणजे तो पापुद्रा गमावणे. १८० पासून, हलक्या हाताने आरंभ करावा.

खरी सावधगिरी हवी ती जुन्या रंगाबाबत. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० पर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले. त्यापूर्वी रंगविलेल्या दारा-खिडक्यांत व पाळण्यांत शिसे असण्याचा संभव आहे. कोरडे घासल्यास त्याची धूळ घरभर पसरते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातांवाटे पोटात जाते. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीस हानी पोहोचते. असा रंग शक्यतो घासूच नये. तो सुटत नसेल, तर त्यावरच नवा रंग देणे श्रेयस्कर. घासणे अटळच असेल, तर पाण्यात भिजवून वापरावयाचा काळा वॉटर पेपर घ्यावा, नाकातोंडावर धूळ रोखणारा चांगला मुखवटा बांधावा, मुलांना व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे. नंतर केरसुणी फिरवू नये. जमीन ओल्या फडक्याने पुसावी, ते फडके टाकून द्यावे आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत.