नाक कठीण करणारा रोग

सर्दी कोणाला होत नाही? पावसाळा आला की घरोघर शिंका सुरू होतात. आठ-दहा दिवसांत सर्दी आपोआप जाते. पण नाक महिनोन्‌महिने चोंदलेलेच राहिले तर? त्याला घाण वास येऊ लागला तर? मग ती साधी सर्दी नव्हे. तिचा शोध घेतला पाहिजे.

नाक असे चोंदण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांतल्या एका रोगाची माहिती आम्ही येथे देत आहो. त्याचे नाव रायनोस्क्लेरोमा. नाव अवघड, पण अर्थ सोपा. नाक कठीण करणारा रोग. तो क्वचितच होतो. पण आपल्या देशात तो आहे. इजिप्तमध्ये आणि मध्य अमेरिकेतही आहे.

हा रोग हळूहळू वाढतो. आधी नाकातून घट्ट, घाण वासाचा शेंबूड येतो. आत खपल्या धरतात. पुढे नाकात गाठी येतात. नाक रुंद होते, हाताला टणक लागते. कधी रक्त येते. शेवटी गाठींच्या जागी वण धरतात आणि वाट आक्रसते. रोग घशात उतरला तर आवाज बसतो, श्वास कोंडतो. तेव्हा मात्र जिवाशी गाठ असते.

गंमत अशी, की हे सहसा दुखत नाही. म्हणून माणूस अंगावर काढतो.

१८७० साली व्हिएन्ना शहरात हेब्रा नावाच्या डॉक्टरांनी या रोगाचे वर्णन केले. तेव्हा त्यांना वाटले, ही वाईट जातीची गाठ असावी. १८८२ साली फ्रिश यांना त्यात जंतू सापडले. जंतूंचा रोग म्हणजे औषधाने बरा होण्यासारखा रोग.

मग ओळखायचा कसा? नुसत्या नजरेने नाही. कुष्ठरोग, क्षय, कर्करोग यांतही नाक चोंदते, गाठ येते. म्हणून डॉक्टर दुर्बिणीने नाक आतून पाहतात. जागा बधिर करून गाठीचा लहानसा तुकडा काढतात आणि तपासायला पाठवतात. तुकडा काढला की रोग पसरतो, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. तुकडा काढल्याशिवाय रोगाची खात्री पटत नाही.

त्या तुकड्यात मोठ्या, फेसाळ दिसणाऱ्या पेशी सापडतात. या आपल्या शरीराच्या राखणदार पेशी. त्यांनी जंतू गिळलेले असतात, पण ते त्यांना पचत नाहीत. जंतू त्यांच्या पोटात जिवंत राहतात.

म्हणूनच औषध फार दिवस घ्यावे लागते. शेतातला कुंदा वरून कापला तर पुन्हा फुटतो. मुळासकट खणावा लागतो. तसेच हे आहे. डॉक्टर जंतुनाशक गोळ्या देतात. त्या कित्येक महिने चालतात. पंधरा दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नयेत. रोग उलटतो. दुकानातून मनाने चार गोळ्या आणून खाणे तर मुळीच बरे नव्हे. श्वासाची वाट बंद झाली असेल तर शस्त्रक्रिया करतात. पण शस्त्रक्रियेनंतरही गोळ्या चुकत नाहीत. बरे झाल्यावरही तपासणीला जात राहावे.

हा रोग एकमेकांना लागतो का? लागतो, पण सहजासहजी नाही. कोंदट घरात, दाटीवाटीने, फार दिवस एकत्र राहिल्याने लागू शकतो. म्हणून घरात वारा खेळता ठेवावा. खोकताना, शिंकताना तोंडावर फडके धरावे.

तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

नाकाला वास येतो म्हणून सुनेला चुलीपासून दूर बसवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. म्हाताऱ्याचे ताट निराळे मांडणारीही पाहिली आहेत. बंधूभगिनींनो, असे करू नका. त्या माणसाचा यात काही दोष नाही. त्याला दूर बसवू नका, दवाखान्यात न्या.