माँटिसेलो : बागेतून पाहावे असे घर

अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर घुमटाचे एक घर दिसते. व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलजवळच्या टेकडीवरचे ते माँटिसेलो, तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे घर. बांधणे, पाडणे, पुन्हा बांधणे असे त्याचे काम १७६९ पासून सुमारे चाळीस वर्षे चालले. प्रवेशदालनातल्या घड्याळाला तोफगोळ्यांची वजने आहेत. ती खाली सरकताना भिंतीवर वार दाखवतात. उंची पुरेना म्हणून जमिनीला भोक पाडून शनिवार तळघरात नेला आहे. पाहुणे इथेच रेंगाळतात. पण या घराची खरी ओळख बागेत होते.

दक्षिणेच्या उतारावर, डोंगर कापून आणि दगडी बांध घालून काढलेल्या सपाटीवर, हजार फूट लांबीची भाजीबाग आहे. ऊन भरपूर असल्याने इथे हंगाम लांबतो. जेफरसन यांनी तीनशेहून अधिक वाण लावून पाहिले. वाटाणा त्यांचा विशेष लाडका. पहिला वाटाणा कोणाच्या मळ्यात येतो यावर शेजाऱ्यांशी चुरस चाले. १७६६ ते १८२४ या काळातल्या त्यांच्या बागवहीत पेरणीच्या तारखांबरोबर न उगवलेले बीही प्रामाणिकपणे नोंदलेले आहे.

ही सपाटी खणली ती गुलामांनी. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात माणसांची समता लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे मालकीची म्हणून राबवली. बागेच्या वरच्या अंगाला मलबेरी रो आहे. तिथे सुतारकाम, लोहारकाम चाले आणि खिळ्यांच्या कारखान्यात दहा ते सोळा वर्षांची मुले घण मारत. वर्मली ह्यूज हा बागेतला मुख्य माळी. मालकाची कबरही त्यानेच खणली. जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी कर्जात वारले आणि पुढच्या जानेवारीत लिलाव झाला. त्यात ह्यूजची बायको आणि मुले विकली गेली.

१९२३ मध्ये एका प्रतिष्ठानाने ही वास्तू घेतली. पुरातत्त्वज्ञांनी कुंपणाच्या खांबांचे खड्डे आणि बांधाचे अवशेष शोधले आणि त्यावरून भाजीबाग पुन्हा उभी राहिली. १९९३ पासून गुलामांच्या वंशजांच्या आठवणी नोंदवल्या जात आहेत. इथेच गुलाम असलेली सॅली हेमिंग्ज आणि जेफरसन यांना झालेल्या मुलांची हकीकत आता प्रदर्शनात उघडपणे सांगितली जाते. वारसा जपणे म्हणतात ते हेच : भिंतींइतकीच भिंती उभारणाऱ्यांची नावेही जपणे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडण्यासाठी झिजलेल्या अमेरिकनांना. मराठी माणसाने त्या नात्याने इथे यावे, आधी मलबेरी रोवरून चालावे, बाग पाहावी आणि मग घुमटाच्या घरात शिरावे.