वरणाच्या पाण्यावर बाळ वाढत नाही : पातळ घासाकडून घट्ट घासाकडे

केळझर (जि. वर्धा) : कापूस वेचणी सुरू झाली की सेलू तालुक्यातल्या गावांत सकाळी लवकर बाया शेतावर निघतात. अंगावर पिणारे सात-आठ महिन्यांचे बाळ घरी आजीजवळ राहते. आजी प्रेमाने भरवते, पण काय भरवते? वरणाच्या वरचे पाणी, भाताची पेज, नाहीतर दुधात भिजवलेले बिस्किट. "अजून दात नाहीत, घशात अडकेल," ही भीती खरी असते. ही भीती वर्षभर टिकली, तर बाळाचे पोट भरलेले दिसते आणि वजन मात्र थांबते.

हा प्रश्न फक्त आईचा किंवा आजीचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आहेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय आहे. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले जेमतेम 11.3 टक्के. शिक्षण, नोकरी, प्रतिनिधित्व यासाठी आपण लढतो. ज्या मेंदूने शिकायचे, तो मात्र पहिल्या दोन वर्षांतच सर्वांत वेगाने घडत असतो. म्हणून हा विषय विहारात आणि युवकांच्या बैठकीत बोलला गेला पाहिजे.

सहा महिने पूर्ण, हाच मुहूर्त

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधासोबत वरचे अन्न सुरू करायचे आणि अंगावरचे दूध दोन वर्षे किंवा त्यापुढेही चालू ठेवायचे. जागतिक आरोग्य संघटनेचा हाच सल्ला आहे.

आपल्याकडे उष्टावणासाठी तिथी पाहणे, पाहुणे जमेपर्यंत थांबणे, मामा येईल तेव्हा करू म्हणणे अजून चालते. 14 ऑक्टोबर 1956 नंतर आपल्या घरांना पंचांगाची गरज उरलेली नाही. त्रिशरण-पंचशील घ्या, आजीच्या हातून पहिला घास द्या, आनंद करा. पण तारीख बाळाचे वय ठरवील. सातवा महिना लागूनही अन्न सुरू झाले नसेल, तर तो उशीरच आहे.

पातळ अन्नाने नेमके काय बिघडते?

सात-आठ किलोच्या बाळाचे पोट एका वेळी साधारण वाटीभर अन्न घेऊ शकते. त्या वाटीत वरणाचे पाणी असेल, तर पोट भरते आणि बाळ तोंड फिरवते. आजीला वाटते, जेवण झाले. प्रत्यक्षात पोटात गेले ते बहुतेक पाणीच; डाळ पातेल्याच्या तळाशी राहिली. आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला सुमारे 200 किलोकॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत 300 आणि वर्षानंतर 550. गरज अशी वाढत असताना पोट मात्र लहानच असते. म्हणून अन्न घट्ट करणे एवढाच मार्ग उरतो.

ओळखायची खूण सोपी आहे. चमचा तिरपा करा. अन्न घळाघळा ओघळले तर ते पातळ, चमच्यावर टिकून हळूच घसरले तर ठीक.

दुसरे कारण चावण्याचे. घास जिभेने तोंडात एका बाजूला नेणे, हिरड्यांनी चिरडणे, मग गिळणे हे बाळाला शिकावे लागते आणि ते शिकण्याचा काळ सहा ते दहा महिन्यांचा असतो. इंग्लंडमधील एव्हन भागात हजारो मुलांचा जन्मापासून अभ्यास झाला. ज्यांना दहा महिन्यांनंतर प्रथम गुठळीचे अन्न मिळाले, त्यांना भरवताना पंधराव्या महिन्यात जास्त अडचणी येत होत्या. नऊ महिन्यांनंतर सुरुवात झालेली मुले सात वर्षांची झाली, तेव्हाही फळे-भाज्या कमी खात होती. हे निरीक्षण आहे, त्यावरून प्रत्येक मुलाचे भाकीत करता येत नाही. पण मिक्सरमधून काढलेल्या लगद्यावर बाळाला वर्षभर ठेवू नये, एवढे त्यातून कळते.

दातांची वाट पाहू नका. चावण्याच्या दाढा वर्ष उलटल्यावर येतात. तोवर हिरड्या पुरेशा मजबूत असतात. तुमचे बोट बाळाच्या तोंडात देऊन पाहा, पटेल.

महिन्यागणिक घास कसा बदलावा

सहा महिने पूर्ण झाल्यावर : दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात. गुरगुट्या भात आणि घट्ट वरण एकत्र करून चमच्याने मऊ कुस्करावे. पिकलेले केळ, उकडलेला बटाटा, लाल भोपळा म्हणजे आपल्याकडचे कोहळे, हेही चालते. मिक्सर नको, वाटी आणि चमचा पुरे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अगदी मऊ, मग रोज थोडी कमी घोटणी. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, अर्ध्या वाटीपर्यंत पोहोचावे.

आठवा-नववा महिना : आता दाणा जाणवला पाहिजे. मऊ खिचडी न घोटता, ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, भाकरीचा मधला मऊ भाग वरणात भिजवून कुस्करलेला. पालक, मेथी, चवळीची भाजी बारीक चिरून खिचडीतच शिजवावी. याच काळात बाळाच्या हातात खाऊ द्यावा : उकडलेल्या गाजराची बोटाएवढी लांब फोड, केळाचा तुकडा, उकडलेल्या बटाट्याची फोड. बोटांनी दाबल्यावर सहज चेपला गेला पाहिजे, हीच कसोटी.

नऊ ते बारा महिने : तीन-चार वेळा जेवण. आता कुस्करण्याऐवजी बारीक चिरलेले. अंगठा आणि पहिल्या बोटाने बाळ कण उचलू लागते. ताटात चार शिते आणि भाजीचे मऊ तुकडे ठेवा, सांडू द्या. संत्र्याची फोड द्यायची तर बिया आणि पातळ साल काढूनच.

वर्षानंतर : घरात जे शिजते तेच, तिखट घालण्याआधी बाजूला काढलेले. दिवसातून तीन-चार वेळा जेवण, मध्ये एक-दोनदा खाऊ, एका वेळी पाऊण ते एक वाटी.

प्रत्येक वाटीत चमचाभर तेल किंवा तूप घाला. घट्टपणा न वाढवता ताकद वाढते. मीठ-साखर घालायची घाई नको. वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. चहा आणि बिस्किट हे बाळाचे अन्न नाही. नवी चव पहिल्यांदा थुंकली म्हणून ती सोडू नका. काही दिवसांनी पुन्हा द्या. कधी कधी आठ-दहा वेळा दिल्यावर बाळ ती स्वीकारते. जबरदस्ती मात्र नको. बाळाने तोंड फिरवले की थांबावे, मोबाइल दाखवून घास कोंबू नये.

उबळ आणि घास अडकणे : फरक समजून घ्या

घट्ट अन्न सुरू केले की बाळ कधी ओकारी काढते, डोळ्यांत पाणी येते, खोकून घास पुढे ढकलते. ही उबळ आहे. बाळ आवाज करते, खोकते, म्हणजे श्वास चालू आहे. शांत राहा, त्याला स्वतः घास बाहेर काढू द्या. अशी उबळ आली म्हणून पुन्हा पेजेवर येऊ नका.

घास श्वासनलिकेत अडकला तर चित्र उलटे असते : आवाज बंद, खोकला बंद, ओठ निळसर. वर्षाखालील बाळाला हातावर पालथे धरा, डोके छातीपेक्षा खाली ठेवा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा मारा. निघाले नाही तर उताणे करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच वेळा दाब द्या. पुन्हा थापा, पुन्हा दाब. दुसऱ्याने तोवर 108 ला फोन लावावा. दिसत नसलेल्या घासासाठी तोंडात बोट घालू नये, तो आणखी आत जातो.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बियांसकट बोरे, अख्खी द्राक्षे, कच्च्या गाजराच्या चकत्या लहान मुलांना देऊ नयेत. शेंगदाण्याचे बारीक कूट खिचडीत घालून चालते. बाळ नेहमी बसवून भरवा. झोपवून, रांगताना, रडताना नाही. मोठे माणूस शेजारी हवेच.

अंडे हवे

सहा महिन्यांनंतर बाळाच्या शरीरातला लोहाचा साठा संपत येतो आणि आईच्या दुधात लोह कमी असते. डाळ आणि पालेभाजीतले लोह शरीर कमी शोषते. मासे, कलेजी आणि मांसातून ते चांगले मिळते आणि प्रथिने अंड्यातूनही चांगली मिळतात. पूर्ण शिजलेले अंडे कुस्करून सहा महिन्यांनंतर देता येते, मऊ शिजवून बारीक केलेली कलेजीही. घरात शाकाहार असेल तर डाळीचे प्रमाण वाढवावे, लिंबू पिळावे, म्हणजे लोह जास्त शोषले जाते. शाकाहार ही आपापली निवड आहे; पण जे घर मटण खाते, त्या घराने बाळाला मात्र लाजेखातर नुसता भात देऊ नये.

हे उपकार नाहीत, हक्क आहे

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 च्या कलम 5 प्रमाणे सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून वयाला योग्य असा मोफत आहार मिळण्याचा हक्क आहे. तीन वर्षांखालील मुलांना हा आहार घरी नेण्यासाठी मिळतो; 2013 च्या मूळ कायद्यात दिवसाला 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने, हा निकष होता. लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा 1 मि.ली., तेही मोफत. महिन्याला वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद झाली पाहिजे.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी मिळतात, पण ती योजना आदिवासी क्षेत्रापुरती आहे. वर्धा जिल्हा त्यात येत नाही. मजुराचे बाळ सेलूत कमी भुकेले असते का? ही मागणी ग्रामसभेत आणि आमदारांकडे करण्यासारखी आहे.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता. आईची विश्रांती आणि बाळाचे पोषण ही घराची खासगी बाब नाही, समाजाने त्याचा भार उचलला पाहिजे, असा त्या भूमिकेचा रोख होता. रोजाने वेचणीला जाणाऱ्या आईला आजही ती सवलत नाही.

विहारात काय करता येईल?

एका रविवारी वंदनेनंतर एक तास काढा. आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला बोलवा. दोन वाट्या समोर ठेवा, एकीत वरणाचे पाणी, दुसरीत घट्ट वरण-भात, आणि चमचा तिरपा करून दाखवा. आज्यांना पहिल्या रांगेत बसवा, कारण दुपारचा घास त्यांच्या हातून जातो. बापांनाही बोलवा; भरवणे हे बायकांचेच काम, असे धम्मात कुठे सांगितलेले नाही. अडकलेला घास काढण्याचे प्रात्यक्षिक आरोग्य कर्मचाऱ्याकडून करून घ्या. गावातल्या दोन वर्षांखालील मुलांची यादी करा. कोणाचे वजन दोन महिने वाढले नाही, ते पाहा. अशा बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गरज पडल्यास सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्यायला सोबत जा.

आळवी नगरातली कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. हरवलेला बैल शोधून थकलेला, उपाशी शेतकरी तथागतांचे प्रवचन ऐकायला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मगच धम्म सांगितला. भुकेल्या माणसाला धम्म कळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या वस्तीतले सर्वांत लहान उपासक त्रिशरण म्हणायला अजून शिकायचे आहेत. त्यांच्या वाटीतले वरण घट्ट करणे हे आपल्या हातात आहे आणि त्याला पैसा फारसा लागत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!