जुन्या मोटारीचा जाणता मिस्त्री

(द्वितीय वर्ष, कला)

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीत 'जुनी मोटार पाहावी दुरुस्त करून' अशी भर घालायला काहीच हरकत नाही. घर बांधताना गवंडी चुकला तर भिंत तिरकी दिसते. लग्नात आचारी चुकला तर पहिल्याच पंगतीला कळते. परंतु मोटारीचा मिस्त्री चुकला की लबाडी करतो आहे, हे मालकाला कळतच नाही. कारण सगळा व्यवहार बॉनेटच्या आत, काळ्या तेलात चाललेला असतो. तेव्हा विश्वासू मिस्त्री ओळखावा कसा? या प्रश्नाचे उत्तर मला गेल्या वर्षभरात थोडेफार उमगले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

आमच्या निमगाव केतकीच्या घरी १९७३ सालची एक फियाट आहे. आजोबांनी ती जुनीच विकत घेतली होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पण मोटारीच्या बाबतीत मात्र घराणे जुने! पूर्वी रात्री-अपरात्री गावातला पेशंट इंदापूरला न्यायचा तर ही गाडी निघे. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी गावी येते, तेव्हा पाय सुजलेल्या कितीतरी वारकऱ्यांना तिने दवाखान्यात पोहोचवले आहे. त्यामुळे ती घरातल्या माणसासारखी झाली आहे.

फियाट आणि आमचा इंदापूर तालुका यांचे नातेही मोठे गमतीचे आहे. ज्यांच्या नावाने आमच्या तालुक्यातील वालचंदनगर वसले, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. प्रथम अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या मोटारी तेथे जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि फियाट ११०० मोटारी तयार होऊ लागल्या. सत्तरीच्या दशकात हा करार संपल्यावर तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि नंतर 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने रस्त्यावर आली. १०८९ सी.सी.चे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजीन आणि स्टिअरिंगलाच जोडलेला गिअरचा दांडा, ही तिची ओळख. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून तिने पिढ्यान्‌पिढ्या प्रवासी वाहिले. तिचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

टॅक्सी गेली म्हणजे केवळ गाडी गेली नाही. तिच्यावर पोट भरणारे मिस्त्रीही पांगले. खरी अडचण येथेच आहे. आजच्या गाड्यांत कार्बोरेटर नसतो; पेट्रोल किती सोडायचे ते संगणक ठरवतो, आणि बिघाड झाला तर यंत्र जोडून पडद्यावर वाचायचा असतो. आजचा तरुण मिस्त्री त्यात हुशार आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण जुन्या फियाटला यंत्र जोडायची जागाच नाही. तिचा बिघाड कानाने, नाकाने आणि बोटांनी वाचावा लागतो.

आमच्या गाडीला गेल्या वर्षी एक विचित्र खोड लागली. सकाळी ती पहिल्याच झटक्याला चालू होई. पण दहा-पंधरा किलोमीटर गेले की आचके देई आणि बंद पडे. अर्धा तास थांबले की पुन्हा शहाण्यासारखी चाले. एका गॅरेजमध्ये नेली. तेथील गृहस्थांनी बॉनेट उघडले, एकदा इंजीन चालू करून पाहिले आणि सांगितले, "इंजीन उतरवावं लागेल. पिस्टन, रिंगा, बोअर सगळं नवीन. साठ हजार धरून चाला." साठ हजार! आमच्या पानमळ्याचे केवढे तरी उत्पन्न त्यात गेले असते. वडील म्हणाले, "त्यापेक्षा भंगारात देऊ." आजी त्या रात्री जेवली नाही.

पण पानमळ्यात वेलाची उतरण करायची तर आपण वाटेल त्याला मळ्यात घेतो का? वेल खाली घेताना तो मोडू न देणारा हात पाहूनच माणूस बोलावतो. मग इंजीन उतरवायला पहिल्याच माणसाच्या हाती का द्यावे? असा विचार करून मी चौकशीला लागलो. चौकशी कोणाकडे करावी, हा पहिला धडा. मी गाडीमालकांना विचारले तेव्हा प्रत्येकाने आपापल्या ओळखीचे नाव सांगितले. नंतर बारामतीच्या एका जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात विचारले, "तुमच्याकडे अजून फियाटचे पॉइंट आणि कार्बोरेटरचे किट कोण नेतं?" दुकानदाराने क्षणाचाही विलंब न लावता एकच नाव घेतले. लेथवाल्यानेही तेच नाव सांगितले. जो माणूस आजही ते सुटे भाग विकत नेतो, तोच ते काम आजही करतो. हा साधा हिशेब आहे.

हे मिस्त्री सत्तरीच्या घरातले. उमेदीची वर्षे त्यांनी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजमध्ये काढली. आपले नाव छापू नये असा त्यांचा आग्रह असल्याने ते येथे देत नाही. त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधी वडिलांना विचारले, "मालक, बंद पडल्यावर लगेच परत चालू व्हती, का निवल्यावर?" मग धूर कोणत्या रंगाचा, तेल किती जाते, चढाला दम लागतो का, असे एकामागून एक प्रश्न. जाणता वैद्य जसा नाडी पाहण्याआधी रोग्याशी बोलतो, तसेच हे. निळा धूर म्हणजे इंजीन ऑइल जळते आहे, म्हणजे रिंगांची किंवा व्हॉल्व्हची झीज. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. गरम इंजिनातून पांढरी वाफ सतत येत राहिली, तर पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यावी. आमच्या गाडीला यांपैकी काहीच नव्हते.

त्यांनी चारही प्लग काढून पाहिले. सर्वांवर फिकट तपकिरी रंग होता. म्हणजे पेट्रोल-हवेचे प्रमाण ठीक. काजळी असती तर पेट्रोल जास्त, ओलसर तेल असते तर रिंगा खराब. मग प्रत्येक सिलिंडरचा दाब मीटरने मोजला. चारही आकडे जवळजवळ सारखे आले. "इंजीन दणकट हाय, ह्याला उतरवायचं कशाला?" ते म्हणाले.

नंतर गाडी बंद पडेपर्यंत त्यांनी ती चालवली. बंद पडताच प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि मला स्टार्टर मारायला सांगितले. जे इंजीन पेट्रोलअभावी थांबले असेल, त्याची ठिणगी निळी आणि कडक पडते. आमची ठिणगी तांबूस आणि मरतुकडी होती. दोष पेट्रोलचा नाही, विजेचा आहे हे तेथेच ठरले. डिस्ट्रिब्यूटरमधील 'पॉइंट' उघडले की कॉइलमधला प्रवाह एकदम तुटतो आणि त्या तुटण्यातूनच हजारो व्होल्टची ठिणगी तयार होते. पॉइंट उघडताना तेथेच ठिणगी उडून जोर वाया जाऊ नये, म्हणून शेजारी अंगठ्याएवढा 'कंडेन्सर' बसवलेला असतो. तो जुना झाला की गार असताना काम देतो आणि तापला की दगा देतो. कंडेन्सर आणि पॉइंट बदलले. खर्च मजुरीसह पाचशेच्या आत. त्यानंतर गाडी सहा महिने बिनतक्रार चालली आहे.

या अनुभवावरून विश्वासू मिस्त्रीच्या काही खुणा मला सांगता येतील. तो आधी विचारतो, मग मोजतो आणि सर्वांत शेवटी पाना उचलतो. तो स्वस्ताकडून महागाकडे जातो: प्लग, पॉइंट, कंडेन्सर, पेट्रोलची गाळणी, कार्बोरेटर आणि अगदी शेवटी इंजीन. तो काढलेला जुना भाग न मागता मालकाच्या हातात देतो. काम समोर उभे राहून पाहिले तरी त्याला राग येत नाही. उलट तो समजावून सांगतो. आणि त्याला न येणारे काम तो स्पष्ट नाकारतो. आमच्या मिस्त्रींनी पत्र्याचे काम दुसऱ्याकडे पाठवले. मालकानेही काही पथ्ये पाळावीत. प्रथम लहान काम देऊन पाहावे, खर्चाचा अंदाज कागदावर घ्यावा, गाडीची मूळ कागदपत्रे गॅरेजमध्ये ठेवू नयेत आणि मजुरीत घासाघीस करू नये. ज्ञानाची किंमत पार्टच्या किमतीवरून ठरत नसते.

आणखी दोन गोष्टी जुन्या गाडीच्या मिस्त्रीला ठाऊक असायलाच हव्यात. पहिली पेट्रोलची. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. आपल्या भागातल्या ऊस-उत्पादकाला ही आनंदाची बातमी. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा यांना मानवत नाही. म्हणजे आमच्याच शिवारातला ऊस आमच्याच फियाटच्या नळ्या खातो! जाणता मिस्त्री त्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या बसवतो आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू देत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खाजगी दुचाकी-चारचाकीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळू शकतो. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. मात्र असे वाहन रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मुख्य अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. सांगाडा, बॉडी वा इंजीन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणून "जुनं इंजीन टाका, मारुतीचं बसवून देतो" असे म्हणणारा मिस्त्री कितीही प्रामाणिक असला, तरी अशा गाडीच्या उपयोगाचा नाही. नोंदणी करावी की नाही, यावर आमच्या घरी अजून एकमत व्हायचे आहे. पण तो मार्ग आज खुला आहे तो इंजीन जागेवर राहिले म्हणूनच.

विद्यार्थी मित्रांनो, आपण पदवीसाठी पुस्तके वाचतो, परीक्षा देतो. या मिस्त्रींचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. तरीही लक्षणावरून कारणाकडे, एकेक शंका दूर करीत जाण्याची त्यांची रीत मला आपल्या तर्कशास्त्राच्या तासापेक्षा वेगळी वाटली नाही. त्यांची दोन्ही मुले दुसऱ्या व्यवसायात आहेत. हे ज्ञान त्यांच्याबरोबरच थांबण्याची भीती आहे. म्हणून दर रविवारी मी त्यांच्याकडे एक वही घेऊन बसतो आणि ते सांगतील ते लिहून घेतो. आपापल्या गावी असा एखादा लोहार, विहिरीचा कारागीर, घड्याळजी नक्कीच असेल. आपल्याला लिहिता येते आणि त्यांना सांगता येते, मग आणखी काय हवे?